शुगर तपासायला म्हणून नेलं होतं

पत्र (नाव-गाव गाळून, थोडक्यात):

मी त्रेचाळीस वर्षांची. सोलापूर जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी राहते. एप्रिल २०२१ मध्ये आमच्या गल्लीत आठ दिवसांत तिघं गेले. सासरे, अण्णा, तेव्हा ७१ वर्षांचे. बीपीची गोळी चालू, तंबाखू काही सुटत नव्हती. लसीचं नाव काढलं की ‘मला नको’ एवढंच म्हणायचे. दवाखान्याच्या गाडीचीच त्यांना धास्ती. तरुणपणी, नसबंदीच्या साली, त्यांच्या थोरल्या भावाला बाजारातून उचलून नेलं होतं म्हणे. असो, ती जुनी गोष्ट.

सांगून सांगून थकले आणि शेवटी ‘शुगर तपासून येऊ’ म्हणून त्यांना ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेले. आधार कार्ड मीच दाखवलं. सुई टोचल्यावर त्यांना कळलं. परत येताना रिक्षात एक शब्द बोलले नाहीत. जुलैत दुसऱ्या डोसला मात्र मुकाट्यानं आले.

फेब्रुवारी २०२२ मध्ये पहाटे झोपेतच गेले. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. पुढे २०२४ साली कोविशिल्डची ती बातमी आली, कंपनीनं कोर्टात कबूल केलं म्हणून. नणंदेनं ती घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, ‘वहिनी, तुम्हीच नेलं होतं ना?’ तेव्हापासून ती माहेरी आलेली नाही. हे म्हणतात, विषय काढू नको. आणि आता मुलीच्या शाळेतून धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी संमतीचा कागद आलाय, तर म्हणाले, सही करायची नाही, या घरात पुन्हा सुई नको.

मी अण्णांना मारलं का? आणि उद्या पुन्हा अशी साथ आली, नवी लस आली, तर कुणाला कुठल्या तोंडानं सांगू?

*

ताई,

तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी आधी बोटं मोजली. जुलै २०२१ ते फेब्रुवारी २०२२. सात महिने. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं या सात महिन्यांत आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

नणंदबाईंनी टाकलेली बातमी खोटी नव्हती. ॲस्ट्राझेनेका कंपनीनं इंग्लंडमधल्या कोर्टात दिलेल्या कागदात मान्य केलं होतं, की त्यांच्या लसीमुळे (आपल्याकडे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं तीच कोविशिल्ड नावानं बनवली) अत्यंत क्वचित टीटीएस नावाचा त्रास होऊ शकतो. शरीरात रक्ताची गुठळी होते आणि त्याच वेळी प्लेटलेट्स घटतात. तो दिसला तो बहुतेक करून पहिल्या डोसनंतर, साधारण चार दिवस ते सहा आठवड्यांच्या आत, आणि म्हाताऱ्यांपेक्षा तरुणांत जास्त. अण्णांचा पहिला डोस एप्रिलमधला, दुसरा जुलैमधला. दोन्हींनंतरचे ते धोक्याचे आठवडे ते घरात, अंगणात, शेतावर धडधाकट होते. बीपी, तंबाखू, एकाहत्तरी ओलांडलेली आणि पहाटेची वेळ, यात हार्ट अटॅक यायला लसीची गरज लागत नाही. मी डॉक्टर नाही. त्यामुळे छातीठोकपणे निकाल देणार नाही. पण तारखा तुमच्या बाजूनं बोलतात, आणि त्या नुसत्या तुमचं समाधान करण्यासाठी बोलत नाहीत.

‘कबुली’ या शब्दानं मात्र मोठा घोळ घातला. २०२४ मध्ये काहीतरी दडवलेलं बाहेर आलं, असं घराघरात वाटलं. प्रत्यक्षात युरोपच्या औषध नियामक संस्थेनं ७ एप्रिल २०२१ रोजीच या गुठळ्यांची नोंद ‘अत्यंत दुर्मीळ दुष्परिणाम’ म्हणून करायला सांगितली होती. आपल्याकडे लसीनंतरचे दुष्परिणाम तपासणाऱ्या राष्ट्रीय समितीचा अहवाल १७ मे २०२१ रोजी आला: अशी शक्यता वाटणाऱ्या २६ केसेस, म्हणजे दर १० लाख डोसमागे ०.६१.

मग हे तुमच्या गल्लीत का पोचलं नाही? यावर माझा राग आहे आणि तो लपवायचं कारण नाही. त्या दिवसांत फोन लावला की रिंग वाजायच्या आधी लसीचा संदेश वाजायचा. ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ हे चारी बाजूंनी ऐकू यायचं. पण दहा लाखांत एखाद्याला असा त्रास होऊ शकतो, डोकं असह्य दुखलं, पायाला सूज आली, दम लागला तर थेट दवाखाना गाठा, हे त्याच आवाजात, त्याच मराठीत कुणी सांगितलं नाही. खरं सांगितलं तर लोक घाबरतील, असं वरच्यांना वाटलं असावं. लोक तेव्हा घाबरले नाहीत, तीन वर्षांनी घाबरले. आणि त्याचा हिशोब तुमच्यासारख्या घरातल्या सुनेकडे मागितला गेला.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असं आपण म्हणतो. कोट्यवधी म्हाताऱ्या माणसांना काही महिन्यांत लस दिली, की त्यातली कित्येक माणसं पुढच्या वर्षभरात जाणारच होती, लस असो वा नसो. पण ही म्हण वापरून मी तुमच्या नणंदेचं तोंड बंद करणार नाही, कारण कधी कधी फांदी खरोखर कावळ्यामुळेच मोडते. ८ मार्च २०२१ रोजी लस घेतलेले ६८ वर्षांचे एक गृहस्थ तीव्र ॲलर्जीच्या झटक्यानं गेले, आणि हा मृत्यू लसीमुळेच झाला असं त्याच राष्ट्रीय समितीनं नोंदवलं. लस टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचे ते याचसाठी. म्हणजे प्रश्न विचारणं गैर नाही. फक्त प्रश्न विचारायचा तर त्याचं उत्तर तारखा, लक्षणं आणि कागद यांच्याकडे मागायचं, फॉरवर्डकडे नाही.

तेव्हा एक करा. अण्णांची लसीची दोन्ही प्रमाणपत्रं, बीपीची जुनी चिठ्ठी, मृत्यूचा दाखला, जे असेल ते एका पिशवीत घालून, ज्यांनी त्यांना कधी तपासलं नव्हतं अशा एखाद्या फिजिशियनकडे जा. जमलं तर ह्यांना बरोबर घ्या. उत्तर तुमच्या तोंडून आलं तर ती सफाई वाटेल.

आता रिक्षाकडे येते.

‘ती जुनी गोष्ट’ असं लिहून तुम्ही एका ओळीत पुढे गेलात. मी तिथेच अडकले. तुम्ही ज्या जिल्ह्यात राहता, तिथल्याच बार्शीत जानेवारी १९७६ मध्ये नसबंदीची मोहीम झाली आणि बाजाराला, कामाला गावात आलेल्या शेतकऱ्यांना गाड्यांत घालून नेल्याच्या हकिकती नोंदलेल्या आहेत. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही, एवढंच. अण्णा तेव्हा पंचविशीतले असतील. सरकारी गाडी येते, तुमच्या भल्याचं आहे म्हणते आणि विचारत नाही, हे त्यांनी सख्ख्या भावाच्या अंगावर पाहिलं होतं. मग २०२१ मध्ये पुन्हा सरकारी माणसं घरी आली, तुमच्या भल्याचं आहे म्हणाली. त्यांच्या ‘मला नको’मध्ये अडाणीपणा किती आणि अनुभव किती, हे कुणी विचारलं होतं का?

लसीला कचरणारा माणूस म्हणजे अशिक्षित, अंधश्रद्धाळू, अशी एक समजूत आपण सुशिक्षितांनी त्या वर्षी फार लाडानं जपली. नाशिकच्या एका गृहस्थांच्या अंगाला लसीनंतर चमचे-ताटल्या चिकटतात, ही बातमी आपण हसत हसत पाहिली. (घामट त्वचेला कुणाच्याही चमचा चिकटतो, हे अंनिसच्या कार्यकर्त्यांनी करून दाखवलं, ते बरं झालं.) पण १६ जानेवारी २०२१ रोजी, म्हणजे लसीकरणाच्या अगदी पहिल्या दिवशी, दिल्लीतल्या राम मनोहर लोहिया रुग्णालयाच्या निवासी डॉक्टरांनी आम्हाला कोव्हॅक्सिनऐवजी कोविशिल्ड द्या असं लेखी कळवलं होतं. कारण कोव्हॅक्सिनला परवानगी मिळाली तेव्हा तिच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांचे निकाल आलेलेच नव्हते. छत्तीसगडच्या आरोग्यमंत्र्यांनीही याच मुद्द्यावर ती लस वापरायला सुरुवातीला नकार दिला होता. पुढे निकाल आले, ७७.८ टक्के परिणामकारकता दिसली, ते छापूनही आलं. पण जानेवारीतली शंका ही शंकाच होती, वेड नव्हतं.

आणि ‘एवढ्या घाईत केलेली लस’ हा जो आक्षेप अण्णांच्या वयाचे सगळेच घेत होते, त्यात निम्मं तथ्य होतं. घाई झाली ती कारखान्यात आणि कागदपत्रांत. परवानगीच्या आधीच डोस बनवून ठेवले, चाचण्यांचे टप्पे एकमेकांत सरकवले. ऑक्सफर्डच्या गटानं चिंपांझीच्या सर्दीच्या विषाणूवरची पद्धत आधीच मर्स नावाच्या आजारासाठी वापरून पाहिली होती, त्यामुळे शून्यातून सुरुवात नव्हती. कोव्हॅक्सिनची पद्धत तर जुनीच, मारलेल्या विषाणूची. साथच एवढी पसरलेली होती, की लस घेतलेले आणि न घेतलेले यांच्यातला फरक दिसायला वर्षानुवर्षं थांबावं लागलं नाही. पण एक गोष्ट कुणालाच घाईत करता येत नाही. दहा लाखांत एकाला होणारा त्रास तीस-चाळीस हजार लोकांच्या चाचणीत दिसत नाही. तो लाखो लोकांना लस दिल्यावरच दिसतो. म्हणून नवी लस घेणारा माणूस थोडी जोखीम स्वतःवर घेतो. समोरच्या साथीत ती जोखीम न घेण्याच्या जोखमीपेक्षा कितीतरी लहान होती, आणि एकाहत्तर वर्षांच्या बीपीच्या माणसाला तर फारच लहान. तुमचा हिशोब बरोबर होता, ताई. तिघं गेलेल्या गल्लीत राहून तुम्ही तो केलात, आणि आज तोच हिशोब मांडला तरी उत्तर तेच येईल.

चुकलं ते वेगळं. अण्णांशी तुम्ही खोटं बोललात.

हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तुमच्या पत्राचा सगळा भार याच ओळीवर आहे, असं मला वाटतं. ‘मी मारलं का’ या प्रश्नाआड ‘मी फसवलं’ हे दडून बसलंय. पहिल्याचं उत्तर नाही असं मिळालं, तरी दुसरं बोचत राहणारच. आणि खोटं नुसतं मनाला लागणारं नव्हतं, धोक्याचंही होतं. शुगर तपासायला आलेल्या माणसाला पूर्वी कुठल्या औषधाची ॲलर्जी आली होती का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे लसीच्या खोलीत कोण नीट विचारणार आणि तो काय सांगणार? रात्री ताप भरला असता तर त्यांना तो कशाचा वाटला असता? संमती म्हणजे फॉर्मवरची सही नाही. आपल्या अंगात काय गेलं, हे ज्याच्या अंगात गेलं त्याला ठाऊक असणं, तिची सुरुवात तिथून होते.

१८९७ सालची एक गोष्ट या निमित्तानं आठवते. प्लेगची साथ. मुंबईत हाफकीन नावाच्या शास्त्रज्ञानं ग्रँट मेडिकल कॉलेजच्या खोलीत प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारीला सगळ्यात आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात, तयार झालेल्या कैद्यांना. अफवा तेव्हाही उठल्या, पण माणसं येत गेली. त्याच वर्षी, त्याच रोगासाठी, पुण्यात रँडसाहेबाचे शिपाई बुटांसकट देवघरापर्यंत घुसत होते, आणि त्या रागातून २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावी हाफकीनच्या लसीची एक दूषित बाटली वापरली गेली आणि १९ माणसं धनुर्वातानं गेली. त्याच्यावर ठपका आला, नोकरी गेली, आणि चूक त्याच्या प्रयोगशाळेची नव्हती हे मान्य व्हायला १९०७ उजाडलं. परळच्या संस्थेला आज त्याचं नाव आहे. जीव वाचवायचा दोघांनाही होता, रँडलाही. तुमच्या अण्णांच्या घरात तो एप्रिलचा दिवस जरासा रँडसाहेबाच्या बाजूला झुकला, असं म्हटलं तर तुम्हाला लागेल. पण तुम्ही घाबरलेल्या होतात, एकट्या होतात, आणि घरातल्या बाकी कुणी ते काम अंगावर घेतलं नव्हतं. नणंदबाईंनी तेव्हा फोनवरून वडिलांना समजावलं होतं का? ह्यांनी? की सगळ्यांनी ‘तूच बघ’ म्हटलं, आणि तुम्ही बघितलंत?

दुसऱ्या डोसला अण्णा मुकाट्यानं आले. त्याचा अर्थ मी लावणार नाही. कदाचित त्यांना पटलं असेल. कदाचित भांडण्यात अर्थ नाही असं वाटलं असेल. सासूबाईंना त्यांनी काही बोलून दाखवलं असेल, तर त्या सांगू शकतील. एखाद्या दुपारी विचारून पाहा. ७६ सालचं नेमकं काय झालं होतं, तेही त्यांच्याकडूनच काढून घ्या. तुमच्या मुलीला ऐकू येईल असं.

नणंदेला ग्रुपवर उत्तर देऊ नका. आकडे पाठवू नका. तिच्या घरी जा. ती दार लावणार नाही, फार तर चहा गार होईल. तिला आधी हे सांगा, की ‘अण्णांना मी शुगर तपासायला म्हणून नेलं होतं, त्यांना विचारलं नव्हतं. त्याची मी माफी मागते.’ फक्त एवढ्याची. लसीची माफी मागू नका, कारण ती तुमची चूक नाही आणि खोटी माफी तिलाही कळेल. त्यानंतर ती रडेल किंवा चिडेल. डॉक्टरांशी झालेलं बोलणं तिनं विचारलं तरच सांगा. बाप गेलेल्या मुलीला कारण हवं असतं, आणि ‘वय झालं होतं’ हे कारण तिला पुरत नाही. तुमच्यावर बोट ठेवणं तिला सोपं गेलं, कारण तुम्ही समोर होतात.

ह्यांचं ‘पुन्हा सुई नको’ हे मला तर्क वाटत नाही. बापाबद्दल न बोललेलं दुःख तिथून बाहेर येतंय. त्यांच्याशी वाद घालायचा झाला तर मुद्दे भरपूर आहेत. धनुर्वाताची लस काही नवी नाही, कितीतरी दशकं लोक घेतायत. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी ती द्यायची हे सरकारी वेळापत्रकातच आहे. तुमच्या बाळंतपणात तुम्हालाही दिली असेल, आणि शेतात खिळा लागला तेव्हा ह्यांनीही दंड पुढे केलाच असेल. (मलकोवालची ती १९ माणसं धनुर्वातानंच गेली, हे लक्षात आलं का?) तरुण मुलं अचानक दगावतात ती लसीमुळेच, असं त्यांचं म्हणणं असेल, तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं १८ ते ४५ वयाच्या अशा मृत्यूंचा अभ्यास २०२३ मध्ये छापला आहे. लसीनं धोका वाढल्याचं त्यात दिसलं नाही. आधी कोविडसाठी दवाखान्यात राहिलेलं असणं, घराण्यात अचानक मृत्यू, अतिमद्यपान, अंग मोडेस्तोवर व्यायाम, हे धोके दिसले. पण मुद्द्यांच्या आधी एकदा नुसतं विचारा, ‘तुम्हाला अण्णांचं काय वाटतं?’ आणि मग मध्ये बोलू नका. तुमच्या मुलीलाही विचारा. ती सोळाची होतेय, दंड तिचा आहे.

उद्याच्या साथीबद्दल तुम्ही विचारलंत. त्याची भीती मलाही आहे, लसीची नव्हे, पुन्हा असंच वागण्याची. तुम्हाला आणि तुमच्यासारख्या पत्र न लिहिलेल्या पुष्कळ सुना-मुलांना मी एवढंच सुचवीन, की घरातल्या म्हाताऱ्यांशी हे बोलणं साथ नसताना करून ठेवा. तुम्हाला सुईची भीती आहे का, सरकारची आहे का, की दवाखान्यात एकटं मरण्याची? ही तिन्ही ‘मला नको’ अशीच ऐकू येतात, पण उत्तरं वेगळी लागतात. पहिलीला ओळखीची नर्स पुरते. तिसरीला ‘मी अर्धा तास शेजारी बसते, रात्रीही तुमच्याच खोलीत झोपते’ हे पुरतं. दुसरीला वेळ लागतो, आणि आधी स्वतःला टोचून घेतलेलं माणूस लागतं. नव्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारायचं ते असं: किती लोकांवर पाहिली, आजार गंभीर होणं किती टळतं, कुणी घेऊ नये, आणि घेतल्यावर कुठलं लक्षण दिसलं तर किती तासांत कुठे जायचं. ‘शंभर टक्के सुरक्षित आहे, घ्या’ एवढंच उत्तर मिळालं तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा. मी गेले असते.

आणि एवढं करूनही कुणी नाहीच म्हणालं, तर ते नाही ऐकून घ्यावं लागतं. कुणालाही सक्तीनं लस देता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २ मे २०२२ च्या निकालात स्पष्ट केलं आहे, आणि त्याच निकालात दुष्परिणामांची माहिती लोकांसमोर ठेवायलाही सांगितलं आहे. नाही म्हणणाऱ्याभोवती बाकीच्यांनी लस घ्यायची, खिडक्या उघड्या ठेवायच्या, पाहुण्यांना ओटीवरच बसवायचं. स्मृतिभ्रंशानं ज्यांना काहीच उमजत नाही अशांची गोष्ट निराळी, तिथे घरच्यांनी डॉक्टरांसोबत बसून ठरवावं लागतं. अण्णांचं तसं नव्हतं. त्यांना सगळं उमजत होतं.

शाळेच्या कागदाची मुदत तुम्ही लिहिलेली नाही. आधी ती बघा. दोन-चार दिवस असतील तर नणंदेकडे आधी जाऊन या, कागदाचं घरी परत आल्यावर बघा.